दुसऱ्या टोपलीतलं लाकूड

पाइनच्या झाडाची खालची फांदी मेली आहे की नुसती उपाशी आहे, हे ती अंगठ्याने दाबून ओळखायची. उन्हासाठी झाडं एकमेकांच्या डोक्यावरून वर चढतात आणि खालच्या फांद्यांच्या वाट्याला सावली येते. त्या मरतात, पण पडत नाहीत. वर्षानुवर्षं तशाच खोडाला धरून राहतात. उपाशी फांदी दाबली की वाकते. मेलेली कट्‌कन मोडते. ती मेलेलीच घ्यायची आणि तीही सगळी नाही. फांदी खोडाला मिळते तिथून वीतभर, बस्स. मरणाऱ्या फांदीच्या बुडाशी झाड राळ आणून भरतं. त्या वीतभर लाकडात राळ इतकी मुरते की ते आतून मधासारखं पिवळं दिसतं, हाताला जड लागतं आणि पावसात भिजलं तरी एका काडीत पेटतं. त्यापुढची फांदी म्हणजे साधी काटकी.

हे तिला सासऱ्यांनी शिकवलं. ते जन्मभर झाडांना खाचा पाडून राळ गोळा करत. लग्न होऊन आली त्या वर्षी त्यांनी तिच्या हातात दोन काटक्या ठेवल्या आणि म्हणाले, "सांग बघू, यातली कामाची कुठली?" तिने वास घेतला आणि बरोबर सांगितलं. सासरे म्हणाले, "झालं. नाक आहे म्हणजे पोट भरेल."

घरामागे पत्र्याची पडवी होती. तिथे एक ओंडका, छोटी कुऱ्हाड, सुरी आणि दोन टोपल्या. वीतभर तुकडा ओंडक्यावर उभा धरायचा, कुऱ्हाडीने चिरायचा, बोटाएवढ्या कांड्या करायच्या आणि एकेक कांडी खिडकीच्या उजेडात धरायची. आरपार पिवळी असली की पहिली टोपली. एका अंगाने पिवळी, नुसती रेघ असलेली, ती दुसरी टोपली. बाकीचं चुलीत.

पहिल्या टोपलीतल्या कांड्या बारा-बाराच्या जुड्या बांधून कॅम्पच्या दुकानात जायच्या. डोंगराच्या पायथ्याशी सुट्टीसाठी येणारी माणसं तंबूपुढे शेकोटी करत, त्यांच्यासाठी. दुसऱ्या टोपलीतल्या कांड्या वाटाड्यांना जायच्या. डोंगरावर माणसं घेऊन जाणारे असे अकरा वाटाडे होते. त्यातला एक तिचा नवरा. प्रत्येकाच्या कमरेला मेणकापडाचा बटवा असे आणि त्यात तिचं लाकूड. ते ती ओंजळीने द्यायची, मोजून नाही. कुणी घरी आलं की जाताना, "थांबा, लाकूड न्या थोडं," हे ठरलेलं.

ही वाटणी कुणी ठरवली नव्हती. दुकानातल्या गिऱ्हाइकाने तक्रार केली तर नाव जाणार. घरची माणसं समजून घेतात. नवरा कधीमधी रेघवाली कांडी उजेडात धरून बघायचा, तेव्हा ती म्हणायची, "लागतं हो. थोडं उशिरा लागतं, एवढंच." तो कांडी बटव्यात टाकायचा. सव्वीस वर्षं असं चाललं.

नवऱ्याला सगळे 'घड्याळ' म्हणत. चार म्हणाला की चार. त्यामुळे हंगामाच्या शेवटी डोंगरावरची शेड बंद करायला तो एकटा गेला आणि चारच्या ऐवजी साडेचार झाले, तेव्हा कुणी चहा संपवायलाही थांबलं नाही. बचाव पथकाचा प्रमुख सहा जणांना घेऊन निघाला. तो नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. वर गारठ्याचा पाऊस आणि धुकं. अंधार पडेस्तोवर ते हाका मारत फिरले आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. पाय घोट्यात मोडलेला. एका पुढे आलेल्या खडकाखाली, बसल्या जागी गारठून गेलेला. खडकाखालची जागा कोरडी होती आणि शेजारीच पाइनच्या वाळक्या फांद्यांचा ढीग होता, त्याने ओढून आणलेला. आदल्या संध्याकाळी पथक त्या खडकापासून तीनशे पावलांवरून गेलं होतं. जाळ असता तर दिसला असता.

हे शेवटचं वाक्य तिला कुणी सांगितलं नाही. ते तिचं तिनेच लावलं.

त्याची पिशवी पथकप्रमुखाने घरी आणून दिली. ती तिने टेबलावर उघडली. दोर, शिट्टी, डबा, मोजे. गोळ्यांची एक छोटी बाटली होती. त्यात तो काडेपेटीतल्या बारा काड्या ठेवायचा, ओल लागू नये म्हणून. बाटली रिकामी होती. मग बटवा. त्यात सात कांड्या. तीन कांड्यांची टोकं काळी झालेली, जेमतेम नखभर. तिने त्या उजेडात धरल्या. एका अंगाने पिवळ्या.

"काय बघतेयस?" मुलीने विचारलं. मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला होती, दोन आठवड्यांची रजा काढून आली होती.

"काही नाही," ती म्हणाली आणि कपबशा धुवायला गेली.

त्या दिवसांत तिने बऱ्याच कपबशा धुतल्या. माणसं येत होती, डबे आणत होती, बसत होती. प्रत्येक जण तिच्या तोंडाकडे बघायचा आणि ती रडेल म्हणून तयारीत असायचा. ती विचारायची, "साखर किती?" शेजारची म्हणाली, "रड गं, मोकळी हो. आत धरून ठेवू नकोस." तिने आत धरून काही ठेवलंच नव्हतं. आत काय आहे हे तिने एकदोनदा चाचपून बघितलं, बधिर केलेल्या दाढेवरून जीभ फिरवावी तसं. काहीच लागलं नाही. एकच गोष्ट होती जिचं तिला टोक लागत होतं. थोडं उशिरा म्हणजे किती उशिरा?

बाराव्या दिवशी दुपारी तिने प्लास्टिकचं घमेलं पाण्याने भरलं. एका बाजूला दुसऱ्या टोपलीतल्या वीस कांड्या टाकल्या, दुसऱ्या बाजूला पहिल्या टोपलीतल्या. दोन तास भिजू दिल्या. झोपायच्या खोलीतला टेबलफॅन लांब वायर लावून अंगणात आणला आणि पडवीतून बाहेर काढलेल्या ओंडक्याच्या समोर ठेवला. नवी काडेपेटी फोडली. बारा काड्या मोजून बाजूला काढल्या.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. "आई, हे काय चाललंय? फॅनला पाणी लागेल ना!"

"लांब आहे तो. तू आकडे मोज."

"कसले आकडे?"

"मी काडी ओढली की एक, दोन, तीन. काडी विझली की थांब."

मुलीने आईकडे बघितलं, घमेल्याकडे बघितलं आणि पायरीवर बसली. तिला वाटलं असणार की, बोलती झाली हेच खूप. ती मोजायला लागली.

रेघवाली कांडी सुरीने तासून तिने टोकाला कीस काढला, नवरा काढायचा तसा. काडी ओढली, ओंजळीत धरली. दहा आकड्यांना विझली. कांडीचं टोक चरचरलं, काळं झालं, एक थेंब राळ खाली आली आणि थांबलं. दुसरी काडी, नऊ. तिसरी पेटलीच नाही, वाऱ्याने नेली. चौथी, पाचवी. सहाव्या काडीला तिने तीन कांड्या एकत्र धरल्या. नवव्या काडीला जाळ लागला, आधी निळसर, मग पिवळा. धूर फॅनच्या वाऱ्याने पडवीत शिरला.

मग पहिल्या टोपलीतली एक कांडी. पहिली काडी. मुलगी म्हणाली, "एक, दोन, तीन, चार..." आणि थांबली, कारण कांडी पेटली होती आणि विझत नव्हती.

ती जळती कांडी ओंडक्यावर ठेवून तिने फॅन बंद केला.

"पण लागलं ना ते?" मुलगी म्हणाली. तिला आता समजलं होतं की, मोजणी कशाची होती. "नवव्या काडीला का होईना, लागलं. बाबांकडे बारा होत्या."

"माझे हात कोरडे होते."

"आई."

"आणि उबदार होते. दुपार आहे. मी दोन पायांवर उभी आहे."

मुलगी उठून फॅनची वायर गुंडाळायला लागली. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "हे कुणाला सांगणारेस का तू?"

"अजून दहा जणांच्या कमरेला तीच टोपली आहे."

"मग बदलून दे ना गुपचूप! नवा हंगाम, नवं लाकूड. कोण विचारतंय? लोक तुला आत्तापर्यंत काही म्हणाले नाहीत. झाकली मूठ आहे, ती झाकलेलीच राहू दे. तू सांगितलंस की उद्या बाजारात जाता येणार नाही तुला. आणि मी तिकडे, तू इथे एकटी."

मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने ते रात्रभर नाही, पण संध्याकाळभर भांडी लावताना नीट तपासून पाहिलं. अडचण लाजेची नव्हती. लाज वाटायला काहीतरी वाटावं लागतं. अडचण अशी होती की, सव्वीस वर्षं तिने ओंजळीने दिलं होतं. ते नुसतं बटव्यांत नव्हतं. ते जुन्या पिशव्यांच्या कप्प्यांत होतं, गाड्यांत होतं, वरच्या शेडमधल्या पत्र्याच्या डब्यात होतं, कुणाच्या भावाच्या घरी होतं. नवं दिलं तरी जुनं कुठून कधी वर येईल सांगता येत नव्हतं. सांगितल्याशिवाय कुणी ते शोधून टाकणार नव्हतं. गुपचूप बदलायची सोयच नव्हती.

पुढचे काही महिने ती रोज झाडांमध्ये गेली. मुलगी परत कामावर गेली, जाताना म्हणाली, "निदान पथकाच्या काकांना आधी एकट्याला सांग." हंगाम सुरू होण्याआधी वाटाड्यांची बैठक असते. त्या सकाळी दहा वाजता ती पाठीवर पोतं घेऊन वाटाड्यांच्या ऑफिसात गेली.

ऑफिस म्हणजे एक लांब खोली. भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, मधे टेबल आणि त्यावर दोर पसरलेले. दोन जण दोर हातातून सरकवत झीज तपासत होते. एकजण गोष्ट सांगत होता. त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो कुणाला ऐकायचं असो-नसो चालूच असायचा. ती आत आली आणि तोही थांबला. सगळे उठले.

"बसा वहिनी," पथकप्रमुख म्हणाला. "चहा सांगतो."

"बसत नाही, भावजी. एक सांगायचंय, ते सांगून जाते." तिने पोतं खाली ठेवलं. "बटव्यांतलं लाकूड काढून टाका. सगळ्यांनी. घरी, गाडीत जिथे असेल तिथलं पण. वरच्या शेडमधलं पण."

"का हो? भिजलं-बिजलं का?"

"ते दुसऱ्या टोपलीतलं आहे. चांगलं मी दुकानाला द्यायची. तुम्हाला उरलेलं. ह्यांच्या बटव्यात पण तेच होतं. ते मी भिजवून, वाऱ्यात धरून बघितलं. नऊ काड्या लागतात. चांगल्याला एक."

दोर सरकवणारा एकजण सरकवतच राहिला. शेगडीजवळच्या सगळ्यात म्हाताऱ्या वाटाड्याने खाली मान घातली. ती वाट बघत उभी होती. काय म्हणतील याची भीती वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं.

रेडिओने घसा साफ केला. "वहिनी, ते आम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"हेच. की आमच्या वाट्याचं जरा... निवांत आहे. सरकारी कामासारखं. होतं, पण त्याच्या सवडीने." कुणी हसलं नाही. त्याचाही चेहरा हसरा नव्हता. सवयीने बोलून गेला होता. त्याने बटवा उघडला आणि दोन बोटांनी काळी पट्टी बाहेर काढली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा. "म्हणून हे. याला काडी लावली की पाऊस बघत नाही, वारा बघत नाही. वास घाण येतो. पण धरतं. मग त्याच्यावर तुमचं लाकूड ठेवायचं."

शेजारच्याने आपला तुकडा काढून दाखवला. मग दोरवाल्याने. म्हाताऱ्याने खिशावर हात ठेवून नुसती मान हलवली.

"सगळ्यांकडे आहे?" तिने विचारलं.

"सगळ्यांकडे," पथकप्रमुख म्हणाला.

"ह्यांच्याकडे नव्हता."

"नव्हता."

"का?"

पथकप्रमुखाने हातातलं पेन टेबलावर ठेवलं, मग परत उचललं. "दोनदा दिला मी त्याला. एकदा तर कापून हातात कोंबला. म्हणाला, घरात लाकडाचं माणूस असताना मी ट्यूब जाळत फिरू? लोक काय म्हणतील? म्हटलं, अरे, लोकांना कुठे दिसतंय. तर म्हणाला, तिला दिसेल. पिशवी तीच भरते."



"मला कधी बोलला का नाहीत कुणी?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती.

"काय बोलणार?" म्हातारा पहिल्यांदाच बोलला. "तू ओंजळ भरून द्यायचीस, पोरी. दारापर्यंत येऊन. त्यात खोट काढायची म्हणजे कसं दिसतं ते? शिवाय चाललं होतं आमचं."

तिने मान हलवली. हे तिला समजलं. त्यांच्या जागी ती असती तरी बोलली नसती. तिने आपल्या माणसांना समजून घेतील म्हणून दुय्यम दिलं होतं आणि त्यांनी समजून घेतलं होतं. अकरापैकी दहा जणांनी ट्यूब ठेवून समजून घेतलं होतं. अकराव्याने तिचं ऐकलं होतं.

"पोत्यात पहिल्या टोपलीतलं आहे," ती म्हणाली. "प्रत्येकी चोवीस. मोजून घ्या."

त्यांनी बटवे उलटे केले. टेबलावर, दोरांच्या शेजारी कांड्यांचा ढीग झाला. रेडिओ त्यातली एक उजेडात धरून बघायला लागला, मग तिच्याकडे लक्ष जाऊन त्याने ती खाली ठेवली. "याचं काय करायचं?"

"शेगडीत घाला. आणि ट्यूब टाकू नका. ती पण राहू दे."

"वहिनी," पथकप्रमुख दारापर्यंत आला. "त्या दिवशी धुकं होतं. जाळ असता तरी दिसला असता असं नाही. कुणी सांगावं."

"दिसला असता, भावजी," ती म्हणाली. "तीनशे पावलं." आणि रिकामं पोतं घडी करून काखेत धरून ती घरी आली. वाटेत तिने मुलीला फोन करून सांगितलं की, सांगून झालं. मुलगी म्हणाली, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "त्यांना माहीत होतं." ट्यूबचं तिने सांगितलं नाही. मुलीने विचारलं, "तू बरी आहेस ना?" तेव्हा ती म्हणाली की, मी भाजी घेतेय, नंतर बोलू.

त्या हंगामापासून पहिली टोपली वाटाड्यांना आणि बचाव पथकाला जाऊ लागली. दुकानाला दुसरी. दुकानदाराला तिने तोंडावर सांगितलं, "हे आधीसारखं नाही. लागायला वेळ घेतं. पाकिटावर तसं लिहा." दुकानदार म्हणाला, "असं लिहून कुणी माल विकतं का, वहिनी? मी आपलं 'शेकोटीसाठी' लिहितो." तिने वाद घातला नाही. गिऱ्हाइकं ओरडली तर परत आणून द्या, इतकंच म्हणाली.

हंगाम संपला तेव्हा ती रिकामी खोकी आणायला गेली. दुकानदार कपाटं आवरत होता. परत आलेल्या जुड्या कुठे आहेत, तिने विचारलं.

"कसल्या परत? एकही नाही आली."

"कुणी काही म्हणालं नाही? लागत नाही, धूर होतो, असं?"

"छे. उलट एक बाई म्हणाल्या, वास छान येतो, दिवाणखान्यात ठेवते."

"पण लागायला वेळ लागतो त्याला."

"त्यांना काय कळतंय?" दुकानदार म्हणाला. त्याने शिडीवरून खाली वाकून तिच्या हातात खोकी दिली. "ते सगळे आधी रॉकेल ओततात, वहिनी. पहिल्यापासूनच."

तिने खोकी एकात एक बसवली, सुतळीने बांधली आणि विचारलं, पुढच्या हंगामाला किती लागतील.